घरची हंडी आणि राजाचा कर

धान्य भिजवावें, त्यास मोड आणावे, मोड आलेलें धान्य वाळवून भरडावें, ऊन पाण्यांत मुरवावें आणि त्याचें आंबवलेलें पेय करावें, ही मनुष्यजातीच्या फार जुन्या गृहविद्यांपैकी एक विद्या आहे. पाश्चात्य देशांत पुष्कळ गृहस्थ हौसेनें घरीं बिअर करतात, आणि बाजारांतील तयार अर्क न वापरतां नुसत्या धान्यापासून केलेली पहिली हंडी हा त्यांच्या अभिमानाचा विषय असतो. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत मात्र ही विद्या विलायती मानली जाते, आणि रानांतील लोक घरीं कांहीं पेय करतात असें कानीं आलें, तर तें निव्वळ व्यसन समजलें जातें. हे दोन्ही समज इतिहासास धरून नाहींत. ही विद्या आपल्या देशांतही प्राचीन आहे. आणि तिच्या इतिहासांतील खरा प्रश्न पिणें चांगलें कीं वाईट एवढाच नसून, घरच्या हंडीवर अंकुश कोणाचा असावा, हा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत, विशेषतः धानोरा तालुक्यांत, या प्रश्नाचीं उत्तरें एकामागून एक कशीं देण्यांत आलीं, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम या विद्येचें मर्म समजून घेतलें पाहिजे. धान्यांत असतें तें पिष्ट. साखर त्यांत फारच थोडी. आंबवण्याची क्रिया ज्या सूक्ष्म किण्वामुळें होते, त्या किण्वास साखर लागते. पिष्ट त्याला पचत नाहीं. परंतु दाण्यास मोड आले म्हणजे दाणा स्वतःच्याच पोटांत पिष्टाची साखर करणारें द्रव्य उत्पन्न करतो. लहान मुलांसाठीं नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या गृहिणीला याचा अनुभव असतोच: मोड आणलेल्या नाचणीची पेज पातळ होते आणि किंचित् गोड लागते. बिअर करणारा हेंच करतो. मोड आणून वाळवलेला जव भरडून तो सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवतो. पिष्टाची साखर झाली कीं रस गाळून उकळतो, निववतो आणि त्यांत किण्व सोडतो.

हें मर्म आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. वैदिक काळच्या सौत्रामणी यज्ञांत सुरा लागत असे, आणि ती कशी करावी याचें वर्णन ब्राह्मणग्रंथांत व श्रौतसूत्रांत आलेलें आहे. त्या सामग्रींत मोड आलेली भात व मोड आलेला जव यांस स्वतंत्र नांवें आहेत; भाजलेल्या लाह्या आहेत, आणि आंबवण यावें म्हणून घालावयाचें ‘नग्नहु’ नांवाचें मिश्रणही आहे. हें सर्व एकत्र करून तीन रात्री ठेवावें, असें विधान आहे. म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून पेय करण्याची कला येथें कोणा परकीयानें आणली नाहीं.

यज्ञाच्या मांडवांतून ही हंडी राज्यकारभारांत आली, ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. त्या ग्रंथांत ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्यासाठीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व हें ‘मेदक’ नांवाच्या पेयाचें प्रमाण त्यांत दिलें आहे. आणि किण्व उडदाच्या कण्यांपासून तांदळाच्या मिश्रणानें करावें, असेंही सांगितलें आहे. सुरेच्या व किण्वाच्या निवडणुकीचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें, असा नियम आहे. कौटिल्य करांच्या बाबतींत मोठा कठोर. सरकारी मालाखेरीज इतर पेयें विकणाऱ्यांवर त्यानें शेंकडा पांच शुल्क बसवलें आहे. असें असूनही त्यानें एक सवलत ठेवली. कुटुंबवत्सल गृहस्थांस मंगलकार्याच्या वेळीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा होती. उत्सव, मेळे व यात्रा यांच्या प्रसंगीं चार दिवसांची मोकळीकही होती. राजानें विक्रीवर हात ठेवला. परंतु घरच्या कार्यापुरती हंडी त्यानें घरालाच ठेवूं दिली. पुढील काळाशीं तुलना करतांना हा भेद लक्षांत ठेवला पाहिजे.

आतां अरण्यप्रदेशाकडे वळूं. गडचिरोलीहून पूर्वेकडे छत्तीसगडच्या सीमेच्या दिशेनें जातांना धानोरा लागतें. धानोरा, रांगी, मुरूमगांव ही जुन्या चांदा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांचीं नांवें होत. मुख्य वस्ती गोंड समाजाची, मुख्य पीक भाताचें, आणि भोंवतालीं बांबू, साग, तेंदू व मोह यांचें रान. येथील घरगुती पेय मुख्यतः मोहाचें. धान्य पिकवणाऱ्या लोकांनीं फुलांकडे कां वळावें, याचें उत्तर वर सांगितलेल्या शास्त्रांतच आहे. मोहाच्या सुकलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. त्यांस मोड आणावयास नकोत, भरडावयास नको, ऊन पाण्यांत मुरवण्याची युक्तीही नको. मार्च-एप्रिलमध्यें पहांटे झाडाखालीं फुलांचा सडा पडतो. बायका व मुलें तीं वेचतात, उन्हांत वाळवतात व सांठवतात. आणखी एक कारण अधिक महत्त्वाचें आहे. भात हें पोटाचें धन होय. पावसाळ्यांत कोठी रिकामी होते, तेव्हां हंडींत घातलेला प्रत्येक पायली तांदूळ जेवणाच्या पानांतून गेलेला असतो. अडचणीच्या दिवसांत मोहाचीं फुलें शिजवूनही खाल्लीं जात, हें येथें विसरतां येत नाहीं.

तरीही धान्याची हंडी या मुलखाला अपरिचित नव्हे. शेजारच्या बस्तरमध्यें ‘लांदा’ नांवाचें पेय करतात. तांदळाचें पीठ वाफवून निववतात. मक्याला मोड आणून, तो वाळवून त्याची पूड करतात, आणि दोन्ही पाण्यांत कालवून कांहीं दिवस आंबूं देतात. येथें मक्याच्या मोडांचें कार्य तेंच, जें युरोपांत जवाच्या मोडांचें. एकानें दुसऱ्याचें पाहून शिकावें असा कांहींही संबंध नसतां, दोन दूरच्या समाजांनीं एकच रासायनिक युक्ति हस्तगत केली, ही गोष्ट गृहविद्येच्या इतिहासांत लक्षणीय आहे.

धान्याच्या हंडीला स्वभावतःच मर्यादा असते. तिच्यांतील मद्यार्क सौम्य असतो. ती थोड्याच दिवसांत आंबट होते, म्हणून सांठवून विकतां येत नाहीं. आणि तिच्यासाठीं कोठींतलें धान्य काढावें लागतें, म्हणून ती रोज घालतां येत नाहीं. मोहाचें तसें नाहीं. मोहाचा आंबवलेला रस भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढला कीं तो तीव्र होतो, टिकतो आणि दूरवर नेतां येतो. जोंपर्यंत हा अर्क देवाला वाहण्यापुरता व जन्म, विवाह, मृत्यु अशा प्रसंगांपुरता निघे, तोंपर्यंत रीतिरिवाजच त्याची मर्यादा राखीत. मर्यादा मोडली ती त्याचा व्यापार झाला तेव्हां.

नागपूरचें राज्य १८५३-५४ मध्यें खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांताची स्थापना झाली. त्या राजवटींत अबकारी हें सरकारच्या उत्पन्नाचें मोठें साधन बनलें. गांवोगांवच्या भट्ट्यांचा मक्ता लिलावानें दिला जाई. जो अधिक बोली बोलेल त्याला दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क. पुढें सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांची पद्धत आली, आणि १९१५ मध्यें मध्यप्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला. मुंबई इलाख्यांत तर १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा करण्यांत आला. बंगाल-बिहारकडील कांहीं आदिवासी जमातींस तांदळाची ‘पचवई’ घरच्यापुरती करण्याची सवलत मिळाली; परंतु एकंदर धोरणाचें तात्पर्य असें, कीं घरीं करणारा गुन्हेगार ठरावा आणि दुकानांतून घेणारा गिऱ्हाईक व्हावा. कौटिल्यानें घराला ठेवलेली मुभा गेली. शिवाय मक्तेदाराचा नफा अधिक खपांत असल्यामुळें, सणावारीं निघणारी वस्तु रोज विकत मिळूं लागली, आणि तिच्यापायीं कुटुंबें कर्जांत बुडूं लागलीं.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानांत झाला असें नाहीं. इंग्लंडांत १८८० सालीं ग्लॅडस्टननें धान्याच्या मोडांवरील जुना कर काढून बिअरवर कर बसवला, तेव्हां घरीं बिअर करणाऱ्या कुटुंबांवरही परवान्याचें बंधन आलें. तें १९६३ सालीं उठलें. अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती; ती उठल्यावरही घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्यानें मोकळीक मिळावयास १९७८ साल उजाडावें लागलें. परंतु त्या देशांत प्रश्न हौसेचा होता. धानोऱ्याच्या रानांत तो रीतिरिवाजाचा, पोटाचा आणि अब्रूचा होता.

स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या, राज्यांच्या सीमा बदलल्या, आणि १९८२ सालीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दारूचीं दुकानें मात्र राहिलीं. तेव्हां या मुलखांतील लोकांनींच प्रश्न हातीं घेतला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचें शोधग्राम याच धानोरा तालुक्यांत आहे. त्या संस्थेनें व इतर कार्यकर्त्यांनीं १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभारली. तिचें बळ होतें तें गांवोगांवच्या स्त्रियांचें. घरांतली हंडी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातची, त्यांनींच दुकानाविरुद्ध आवाज उठवला, यांत विसंगति नाहीं. हंडी आणि दुकान यांतील अंतर त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळणार? १९९३ सालीं संपूर्ण जिल्ह्यांत दारूबंदी लागू झाली.

परंतु बंदीनेंही मूळ प्रश्न पुरता सुटत नाहीं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं बंदी आली आणि २०२१ सालीं ती उठवली गेली. जें एका हुकुमानें येतें तें दुसऱ्या हुकुमानें जाऊं शकतें. अधिक टिकाऊ उत्तर धानोऱ्यापासून अवघ्या कांहीं मैलांवरील मेंढा-लेखा या गांवीं दिसतें. तेथील ग्रामसभेनें निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसहमतीनें घेण्याची रीत घातली, आणि दारूचा प्रश्नही गांवानें असाच आपसांत चर्चा करून सोडवला. पुढें १९९६ सालीं अनुसूचित क्षेत्रांसाठीं झालेल्या पंचायत कायद्यानें, मादक पेयांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचें नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असावी, हें तत्त्व मान्य केलें. मोहाचें फूल हें असेंच वनोपज होय. म्हणजे फूल आणि हंडी या दोहोंचा विचार निदान कायद्याच्या भाषेंत तरी पुन्हा गांवाच्या स्वाधीन झाला.

सौत्रामणीच्या मांडवापासून मेंढ्याच्या ग्रामसभेपर्यंत हा प्रवास फार लांबचा आहे. त्यांत घराचा अंकुश होता, राजाचा होता, मक्तेदाराचा होता आणि सरकारचाही होता. मक्तेदाराच्या हातीं हंडी गेली, तेव्हां तिला मर्यादा राहिली नाहीं, कारण मर्यादा पाळण्यांत त्याचें नुकसान होतें. घर आणि गांव यांस मात्र हंडीच्या अतिरेकाचा चटका स्वतःलाच बसतो. म्हणूनच तिचें प्रमाण ठरविण्याचा, आणि प्रसंगीं ती पालथी घालण्याचाही, पहिला अधिकार त्यांचा आहे.