उंबरठ्याच्या आतला धूर

इतिहास म्हटले की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. पण काही इतिहास अगदी घरातल्या माजघरात घडतो आणि तो घडतोय हे त्या घरालाही कळत नाही. सिगारेटच्या धुराचा इतिहास असाच आहे.

आमच्या तरुणपणी विडी-सिगारेटचा धूर सगळीकडे असे. शिक्षकांच्या खोलीत, एस.टी.त, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या बैठकीत. ओढणाऱ्याला खोकला लागतो हे सर्वांना ठाऊक होते. 'करेल तो भरेल' असे म्हणून लोक मोकळे होत. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तोही ओढणाऱ्यांपुरताच. शेजारी बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न बरीच वर्षे बाजूलाच राहिला.

या प्रश्नाचे ठोस उत्तर आले जपानमधून. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले ताकेशी हिरायामा यांनी १९६५ च्या अखेरीस चाळिशी ओलांडलेल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या सवयी नोंदवून घेतल्या. त्यांत ९१,५४० बायका अशा होत्या, की ज्या स्वतः सिगारेट ओढत नव्हत्या. त्या काळी जपानमध्ये पुरुष सर्रास सिगारेट ओढत आणि बायका क्वचितच. त्यामुळे नवऱ्याच्या धुराचा परिणाम वेगळा काढून पाहणे शक्य झाले. हिरायामांनी चौदा वर्षे या बायकांचा माग ठेवला. जानेवारी १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. नवरा दिवसाला वीस किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढत असेल, तर बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका, न ओढणाऱ्याच्या बायकोच्या मानाने, सुमारे दुप्पट होता. नवऱ्याच्या सिगारेटी जितक्या जास्त, तितका बायकोचा धोका जास्त. पोटाच्या कर्करोगात मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे आकड्यांचा हा निव्वळ योगायोग नव्हता. त्याच वर्षी ग्रीसमधूनही असाच निष्कर्ष आला.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. ओढणारा झुरका घेतो तेवढा वेळ सोडला, तर सिगारेटचे टोक नुसते धुमसत असते. त्या मंद आचेवर तंबाखू अर्धवट जळते, आणि तो धूर फिल्टरमधून न जाता थेट खोलीत पसरतो. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोगाला कारण ठरणारी काही द्रव्ये त्यात झुरक्यातल्या धुरापेक्षाही जास्त प्रमाणात असतात. खोलीत पसरल्यावर तो धूर विरळ होतो खरा, पण घरातल्या माणसाला तो वर्षानुवर्षे रोज घ्यावा लागतो.

सिगारेट कंपन्या अर्थातच गप्प बसल्या नाहीत. हिरायामांचे गणितच चुकले आहे, असा गाजावाजा त्यांनी जाहिरातींतून केला. पुढे अमेरिकेतल्या खटल्यांमुळे १९९० च्या दशकात कंपन्यांचे आतले कागद बाहेर आले. कंपन्यांचेच काही सल्लागार खाजगीत हिरायामांचे म्हणणे बरोबर मानत होते, असे त्यांतून दिसले. सत्य खोडता येत नसेल तर निदान शंका पेरावी, ही युक्ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत घातक वाटते. त्या शंकेच्या छायेत किती घरांत धूर तसाच राहिला असेल!

आपल्याकडे गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याला आळा घालणारा कायदा केला. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्यासाठी आधार घेतला राज्यघटनेतल्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले ते कलम असे श्वासापर्यंत येऊन पोहोचले, याचे मला फार अप्रूप वाटते. २००३ साली देशाचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांविषयीचे कडक नियम लागू झाले.

पण गंमत पाहा. पहिला मोठा पुरावा दिला तो घरातल्या बायकांनी, आणि कायद्याने संरक्षण दिले ते कचेरीतल्या, आगगाडीतल्या माणसाला. कायदा उंबरठ्यापाशी थांबला. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत घरात दुसऱ्याच्या धुरात वावरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २००९-१० मध्ये ते ५२.३ टक्के होते. घट झाली हे खरेच, पण अजूनही दर पाचांत जवळजवळ दोघे! शिवाय यात लहान मुले धरलेली नाहीत. त्यांना याच धुराने दमा बळावतो, कानाचे आजार होतात.

पोलीस काही आपल्या माजघरात येणार नाही, आणि येऊही नये. तिथे बोलायचे ते घरच्यांनीच. नवऱ्याला किंवा सासऱ्याला 'बाहेर जाऊन ओढा' असे म्हणणे आपल्या कितीतरी घरांत सुनेला आजही सोपे नाही. नातवंडे मात्र बेधडक म्हणतात, आणि आजोबा मुकाट्याने उठतात असेही मी पाहिले आहे. पण अंगणात जाऊन ओढण्यापेक्षा सोडणेच बरे, हे सांगायला नकोच.

त्या ९१,५४० बायकांपैकी कुणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी चळवळ केली नाही, की मोर्चा काढला नाही. त्या फक्त आपापल्या घरात श्वास घेत राहिल्या. त्यांच्यामुळे जगाला जे कळले, ते आपल्या घरात पाळावे, एवढे तरी आपल्या हातात आहे. असो.