दुर्बिणीचे पाय

मागच्या व्याख्यानात आपण भिंगं आणि आरसे यांचा इतिहास बघितला. नंतर चहाच्या वेळी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, किती इंचाची घेऊ?" म्हणून आज मी इंचांबद्दल बोलणारच नाही. आज पायांबद्दल बोलू. दुर्बीण ज्याच्यावर उभी राहते त्या तिवईबद्दल, बैठकीबद्दल.

21 डिसेंबर 2020 आठवतोय का? गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम एक दशांश अंशावर आले होते. बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मास्क लावलेली पंधरा-वीस माणसं जमली होती. पश्चिमेला सूर्य मावळल्यावर मिळणार होते जेमतेम दोन तास, त्यातला शेवटचा अर्धा तास समोरच्या टॉवरने खाल्ला. खालच्या मजल्यावरच्या मुलाने नवी कोरी दुर्बीण आणली होती. भिंग बरं होतं हो, अगदी बरं होतं. पण ॲल्युमिनियमचे पाय इतके बारीक की फोकसच्या चाकाला बोट लागलं की सगळं थरथरायचं. थरथर थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद, मग पुन्हा फोकस, पुन्हा थरथर. रांगेतल्या एका आजींनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अरे, हे नाचतंय की रे!" शनीची कडी त्या रात्री कुणालाच धड दिसली नाही. दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर गेली. मुंबईतल्या माळ्यांवर अशा किती दुर्बिणी पडून असतील, देव जाणे.

आता हे असं का होतं? साधा हिशेब करू. एक मीटर लांबीची नळी आहे आणि तिचं टोक फक्त एक मिलिमीटर हललं. म्हणजे दिशा सुमारे साडेतीन कलांनी बदलली. गुरू जवळ असतो तेव्हा त्याची तबकडी साधारण 45 विकलांची दिसते. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये गुरू स्वतःच्या रुंदीच्या साडेचार पट उडी मारतो. शिवाय पृथ्वी थांबत नाही. शंभर पट वर्धनाला नेत्रिकेत अर्धा अंश आकाश मावतं असं धरलं, तर ग्रह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दोन मिनिटांत निघून जातो. त्या दोन मिनिटांतली निम्मी थरथरीत गेली तर बघायचं कधी?

ही तक्रार दुर्बिणीइतकीच जुनी आहे. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओने एका पत्रात लिहून ठेवलंय की हाताची नाडी आणि श्वास यांच्यामुळे नळी हलते, म्हणून ती कुठेतरी पक्की बसवावी. विचार करा, वर्धन होतं वीसेक पटीचं आणि माणसाला स्वतःची नाडी आडवी येत होती!

पुढची दोनशे वर्षं मी भरभर ओलांडतो. 1824 साली फ्राउनहोफरने डोरपाटच्या वेधशाळेसाठी, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूसाठी, 24 सेंटीमीटर भिंगाची दुर्बीण केली. तिची एक धुरा ध्रुवाकडे रोखलेली, दुसरी तिला काटकोनात, एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन. वजनावर चालणारं घड्याळ ती धुरा फिरवायचं आणि तारा जागच्या जागी राहायचा. आज दुकानात जिला 'इक्वेटोरियल' म्हणतात ती बैठक बहुतेक वेळा याच घराण्यातली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिच्यात भर घातली, आणि नायगमवालांची पुण्याच्या सायन्स कॉलेजात बदली झाल्यामुळे वेधशाळा उभी राहिली ती पुण्यात, 1888 साली. डब्लिनच्या ग्रबने केलेली 20 इंची परावर्ती दुर्बीण तिथे होती. अनेक दशकं देशातली ती सर्वांत मोठी दुर्बीण. तिच्या आरशाबद्दल सगळे बोलतात. माझं लक्ष जातं ते धुरेच्या कलाकडे. ध्रुवाकडे रोखलेली धुरा जमिनीशी तेवढाच कोन करते, जेवढे त्या गावाचे अक्षांश. डब्लिनला हा कोन 53 अंश. पुण्याला साडेअठरा! म्हणजे धुरा जवळजवळ आडवी. आणि धुरा आडवी झाली की सगळा भार पुढे सरकतो. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. तिथले अक्षांश दहा. धुरा आणखी आडवी करणं आलंच.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण मुंबई 19 अंशांवर आहे. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी बेतलेली हलकी इक्वेटोरियल बैठक तुम्ही मुलुंडला लावली, तर तिला तिच्या मर्यादेपर्यंत वाकवावं लागतं आणि ती एका पायावर तोल टाकून उभी राहते. त्यातून ती लावायला ध्रुवतारा दिसायला हवा. 19 अंशांवरचा ध्रुवतारा उपनगरात दिसतो कुणाला? धूर, दिवे आणि उत्तरेकडची पुनर्विकासाची इमारत. आमच्याकडे तर ध्रुवाच्या जागी तेराव्या मजल्याचा एसी आहे. (हशा)

22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाची गोष्ट सांगायलाच हवी. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगमवालांचा तळ होता आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथेच. कॅम्बेल यांच्याकडे चाळीस फुटी कॅमेरा होता. एवढी नळी फिरवणार कशी? फिरवलीच नाही. भिंग एका मनोऱ्यावर, फोटोची काच खाली जमिनीवर, आणि हलायची ती फक्त काच, सूर्याच्या गतीने. कापडी नळीचा आधार भिंगाच्या आधारापासून वेगळा, म्हणजे वाऱ्याने कापड फडफडलं तरी भिंगाला धक्का नाही. दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी केवढा हा खटाटोप! पण कुणाचा हादरा कुणाला लागू द्यायचा नाही, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

गच्चीवर आपण नेमकं हेच विसरतो. स्लॅबच्या मधोमध तिवई मांडतो आणि तिच्याभोवती वीस माणसं फिरतात. स्लॅब मध्ये लवतो, कॉलमजवळ कमी लवतो. म्हणून तिवई कॉलमच्या डोक्यावर मांडा आणि रांग लांब लावा. टाकीचा आडोसा वाऱ्याला चांगला, पण पंप सुरू झाला की संपलं. लिफ्टच्या मशीनरूमपासूनही दूर. घाटकोपरला रुळांच्या कडेला राहणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? लोकल गेली की बघा.

आता जॉन डॉब्सन. जन्म 1915, बीजिंगचा. 1944 साली हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी म्हणून राहायला गेला. आपल्या खारला रामकृष्ण मठ आहे ना, त्याच परंपरेतली संस्था. तिथे राहून तो भंगारातल्या काचा घासून चोरून दुर्बिणी करायचा. 1967 साली मठ सुटला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्याभोवतीच्या मंडळींनी फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायला सुरुवात केली. पैसे नव्हते, म्हणून बैठक केली प्लायवूडची. खाली फिरणारी पेटी, वर दोन खाचांत टेकलेली नळी, आणि घासणाऱ्या जागी टेफ्लॉनचे तुकडे व गुळगुळीत लॅमिनेट. आपल्या भाषेत सनमायका. ढकलली की सरकते, सोडली की थांबते. ध्रुवतारा नको, वीज नको, पाय नकोतच.

मला विचाराल तर उपनगरातल्या पहिल्या दुर्बिणीला हीच बैठक. पण एक अडचण मीच सांगतो. खगोल मंडळाच्या कार्यक्रमांमुळे मुंबईकरांना वांगणीची वाट माहीत झाली. अंधार हवा तर कर्जत लोकल पकडायची. सहा इंची डॉब्सनची नळी सव्वा मीटर आणि वर पेटी. मालडब्यातून नेता येते, पण संध्याकाळच्या गर्दीत? मग तिवईच घ्यायची असेल तर पाय जाड बघा, शक्य असेल तर लाकडी. लाकूड थरथर लवकर पिऊन टाकतं. पाय पूर्ण लांबवू नका, स्टुलावर बसून बघा. मधल्या ताटलीखाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन झोके घेणार नाही असा बांधा. येताना पाणी ओतून द्या, वजन घरी आणायचं नाही. आणि दुकानात परीक्षा एकच. नळीला टिचकी मारा आणि नेत्रिकेतून बघत मोजा. एक-दोन सेकंदांत चित्र थांबलं तर घ्या. पाच मोजून झाले तरी नाचत असेल तर दुकानदार भिंगाबद्दल काय सांगतो ते ऐकू नका.

त्या खालच्या मजल्यावरच्या मुलाची नळी आम्ही माळ्यावरून काढली. सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली, सनमायका त्याच्याकडेच उरलेला होता, स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा, फुलाफुलांचा. पुढच्या हिवाळ्यात आजींना पुन्हा गच्चीवर नेलं. या वेळी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली तरी डोळा हलवला नाही. मग म्हणाल्या, "कडं आहे रे खरंच."

चला, प्रश्न घेऊ या.