छायाचित्रण-सभेतला एक तंटा



भजनी मंडळ असो, वाचनालय असो की गणपतीचं मंडळ असो, हौसेनं उभ्या राहिलेल्या संस्थेत एक ना एक दिवस प्रश्न निघतोच : मंडळ कुणाचं? नियम राखणाऱ्या कमिटीचं, की वर्षानुवर्षं राबणाऱ्या सभासदाचं? या प्रश्नाचा एक जुना दाखला छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. तो ऐकण्याजोगा आहे.

फ्रान्समध्ये १८३९ साली दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली आणि थोड्याच वर्षांत ही कला हिंदुस्थानात पोचली. हौस मोठी खर्चाची आणि कटकटीची! १८५० नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, मग ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, आणि ती ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचं. आपल्याकडच्या उन्हात काच सुकायला कितीसा वेळ लागणार? आपल्या भोकरदनच्या उत्तरेला ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, तिथल्या लेण्यांची छायाचित्रं मेजर रॉबर्ट गिल यांनी याच काळात घेतली. त्यामागे केवढे कष्ट असतील, याची कल्पना करा.

असं काम एकमेकांना विचारल्याशिवाय साधत नाही. म्हणून हौशी लोक एकत्र आले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण-सभा निघाली, कलकत्त्यात १८५६ साली. मुंबईच्या सभेत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. साहेब आणि देशी माणूस एकाच सभेचे सभासद, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

कलकत्त्याच्या सभेत राजेंद्रलाल मित्र हे थोर पंडित होते. सभेचे खजिनदार आणि चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिलं. हे काम कसं असतं, ते कुठल्याही मंडळाच्या चिटणीसाला विचारा. चित्रं भिंतीवर लागतात, पण हिशेबाची वही कुणी पाहत नाही!

मग १८५७ साल उजाडलं. मुलखातल्या युरोपीय लोकांना कंपनीच्या फौजदारी न्यायालयांखाली आणावं, असा कायदा करण्याचं घाटत होतं. युरोपीयांनी त्याला ‘काळे कायदे’ म्हणून हिणवलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये राजेंद्रलालांनी या विरोधाचा समाचार घेतला आणि रयतेला छळणाऱ्या निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. शब्द तिखट होते. छायाचित्रण-सभेतले युरोपीय सभासद खवळले आणि सभेनं राजेंद्रलालांना काढून टाकलं.

आता दुसरी बाजूही पाहू. चिटणीसानंच आपल्या जातभाईंची निंदा केली, तर मांडीला मांडी लावून कसं बसायचं, असं त्या सभासदांना वाटलं असेल. मनं दुखावली, हे खरं. पण विचार करा : भाषण झालं टाऊन हॉलमध्ये, विषय होता न्यायाचा, आणि शिक्षा झाली छायाचित्रांच्या सभेत! हिशेबात खोट असती, सभेचं सामान गहाळ झालं असतं, तर जाब विचारणं हे सभेचं कर्तव्यच होतं. इथं तसं काही नव्हतं. नियम सर्वांना सारखा म्हणायचा आणि तो चालवायचा मात्र आपल्याला न आवडणाऱ्यावर, अशातला हा प्रकार.

राजेंद्रलालांचं काम त्यामुळं थांबलं नाही. ओरिसाच्या प्राचीन वास्तूंवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, आणि १८८५ साली ते एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. सभेनं मात्र एक कामाचा माणूस हातानं घालवला.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावातही असे प्रसंग येतील. जुना सभासद म्हणून कुणाला नियम माफ नसावा. जो जास्त राबतो त्याला मंडळ आपल्या मालकीचं वाटू लागतं, हाही दोष आहेच. पण कुणाचं नाव कमी करण्याआधी कमिटीनं स्वतःला एवढं विचारावं : गुन्हा मंडळाच्या कामातला आहे, की चावडीवर बोललेल्या शब्दाचा? शब्दाचा असेल, तर उत्तर चावडीवरच द्यावं. मंडळाचं दार त्यासाठी लावू नये.