करडाच्या गळ्याला जन्मतःच गाठ? गाभण शेळीच्या चाऱ्याकडे बघा

शेळी दिवस भरून व्याली, पण करडाच्या अंगावर केस विरळ, गळ्याच्या वरच्या बाजूला गाठ आणि ते उभंच राहत नाही. चीक ओढायला ताकद नाही. आपल्याकडे कुणी नजर म्हणतं, कुणी बोकडाला नावं ठेवतं. पण आयोडीनची कमतरता हे याचं ओळखीचं कारण आहे.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चाऱ्यातून आलेलं आयोडीन वापरून टी-४ आणि टी-३ ही हार्मोन बनवते. हार्मोन म्हणजे मुकादम समजा. प्रत्यक्ष काम करणारे मजूर म्हणजे एन्झाइम, पुस्तकात ज्यांना विकर म्हणतात. कोणती एन्झाइम किती बनवायची, कधी कामाला लावायची, हे वाढत्या जिवात बरंचसं हा मुकादम ठरवतो.

पावसाळ्यात डबक्यात हे डोळ्यांनी दिसतं. बेडकाच्या पिल्लाची शेपटी तुटून पडत नाही. थायरॉइड हार्मोन वाढलं की शेपटीत कोलॅजिनेजसारखी एन्झाइम वाढतात आणि ती शेपटी जागच्या जागी विरघळवतात. त्याच सुमाराला यकृतात युरिया तयार करणारी एन्झाइमही वाढतात. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने अशा पिल्लांना जनावराची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच इवलेइवले बेडूक झाली.

करडाचंही तसंच. पोटात असताना फुप्फुस, मेंदू, केस यांची वाढ या हार्मोनवर चालते. जन्मल्यावर ओल्या अंगाने थंडीत ऊब धरायची तर पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालायला हवा. हा पंपही एक एन्झाइमच. हार्मोन कमी, तर पंप मंद, आणि करडू गारठून जातं. ग्रंथी मात्र जास्त आयोडीन ओढायच्या धडपडीत फुगते. तीच ती गाठ.

आता सुबाभूळ. तिच्या पाल्यातल्या मिमोसिनपासून शेळीच्या पोटात असा पदार्थ तयार होतो की तो आयोडीन जोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतो. काही शेळ्यांच्या पोटातले जंतू तो पदार्थ पचवतात, पण त्या भरवशावर राहू नये. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवावी. कोबीचा पाला, मोहरीची पेंडही रोज भरपूर नको.

गाभण शेळीला आयोडीन असलेलं खनिज मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, तेव्हा शेवटच्या आठवड्यात जागं होऊन उपयोग नाही. आयोडीनचं औषध अंदाजाने पाजू नका, जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते.

एक मात्र लक्षात ठेवा. चांगल्या दूध पिणाऱ्या करडाला काही आठवड्यांनी गळ्याखाली फुगवटा येतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो आणि आपोआप जातो. जन्मतःच गाठ असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, आणि कळपातल्या बाकी गाभण शेळ्या काय खातात तेही डॉक्टरांना सांगा.