एफआरबीएम कायदा : सरकारच्या कर्जाला लगाम किती?

राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा, २००३ हा केंद्र सरकारची तूट आणि कर्ज आटोक्यात ठेवण्यासाठी केलेला कायदा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एफआरबीएम’ म्हणून ओळखला जातो. केंद्राच्या कर्जावर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते, असे संविधानाचे कलम २९२ सांगते. तरीही असा कायदा व्हायला पाच दशके लागली. तो ५ जुलै २००४ पासून अमलात आला.

दोन प्रकारची तूट

सरकारचा एकूण खर्च आणि कर्ज वगळून होणारी जमा यांतील फरक म्हणजे राजकोषीय तूट. महसुली तूट वेगळी. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च कर आणि इतर चालू उत्पन्नातून भागत नाही, तेव्हा ती निर्माण होते. कर्ज काढून धरण किंवा रेल्वेमार्ग बांधला, तर त्याचा उपयोग पुढच्या पिढीलाही होतो. चालू खर्चासाठी कर्ज काढले, तर तिच्या वाट्याला बहुतांशी परतफेडच येते.

कायद्याने काय ठरवले?

महसुली तूट शून्यावर आणणे आणि राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ३ टक्क्यांवर आणणे, ही मूळ उद्दिष्टे होती. १ एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे कर्जरोखे थेट सरकारकडून विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेला सर्वसाधारण परिस्थितीत मनाई झाली. तात्पुरती उचल देण्याची मुभा राहिली. बँक बाजारातून जुने रोखे घेऊ शकते. पण सरकारला कर्जासाठी आधी बाजारातच जावे लागते.

प्रत्यक्षात काय झाले?

२००७-०८ मध्ये राजकोषीय तूट सुमारे २.५ टक्क्यांवर आली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी, शेतकरी कर्जमाफी आणि वेतनवाढ यांमुळे ती ६ टक्क्यांच्या घरात गेली. शिवाय तेल कंपन्यांना रोखीऐवजी दिलेले रोखे या आकड्यात धरलेच जात नव्हते.

एन. के. सिंह समितीच्या अहवालानंतर २०१८ मध्ये कायदा बदलला. केंद्राचे कर्ज २०२४-२५ अखेर जीडीपीच्या ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट आले. युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीचे मोठे नुकसान अशा प्रसंगी तुटीचे लक्ष्य अर्ध्या टक्क्यापर्यंत ओलांडण्याची सवलत मिळाली. महसुली तुटीचे बंधन मात्र वगळले गेले. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात राजकोषीय तूट ९ टक्क्यांवर गेली. त्यानंतर २०२५-२६ पर्यंत ती ४.५ टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट अर्थसंकल्पात जाहीर झाले. कायद्यातले लक्ष्य ३ टक्क्यांचे होते.

राज्यांचे काय?

राज्यांनीही असे कायदे केले. कर्नाटकाने २००२ मध्येच, तर महाराष्ट्राने २००५ मध्ये.

मग कायद्याचा उपयोग काय?

उद्दिष्ट चुकले तर शिक्षा नाही. अर्थमंत्र्यांनी संसदेत कारणे सांगायची असतात. ज्या संसदेने मर्यादा घातली, तीच ती बदलूही शकते. रिझर्व्ह बँकेवरचे बंधन टिकले आणि अर्थसंकल्पासोबत तुटीचा हिशेब मांडण्याची सवय लागली, ही कायद्याची खरी कमाई. अर्थसंकल्पाच्या दिवशी चर्चा राजकोषीय तुटीचीच होते. तीतला किती भाग महसुली आहे, हे पाहिले की कर्ज कशासाठी काढले जात आहे ते कळते.