जायफळाचे बेट : ग्रेनेडा



सणावाराला पुरणात आणि श्रीखंडात आपण जायफळ किसून घालतो. बाळगुटीसाठी आजीबाई ते सहाणेवर उगाळते. हेच जायफळ ज्याने आपल्या राष्ट्रध्वजावर काढले आहे, असा एक चिमुकला देश जगात आहे. त्याचे नाव ग्रेनेडा. त्याची हकिगत आज सांगायची आहे.

नकाशात कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची एक माळ दिसते. तिच्या दक्षिण टोकाशी, त्रिनिदादच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर ग्रेनेडा आहे. मुख्य बेट, कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनीक मिळून क्षेत्रफळ अवघे ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई शहराहूनही कमी. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतच. बेट ज्वालामुखीतून वर आलेले. मधोमध डोंगर, त्यांतला सेंट कॅथरिन हा सर्वांत उंच, ८४० मीटरचा. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात ग्रँड एटांग नावाचे तळे साचले आहे. पाऊस जून ते डिसेंबर. जमीन काळी, कसदार. अशी जमीन पाहिली की परक्याची नजर वळायचीच.

कोलंबसाला हे बेट १४९८ साली दिसले. तेथे कॅरिब लोक राहत होते आणि दीडशे वर्षे त्यांनी कोणाला पाय रोवू दिला नाही. १६४९ मध्ये फ्रेंचांनी वसाहत केली आणि लढाया जुंपल्या. १६५१ साली उत्तर टोकाला कोंडीत सापडलेल्या काही कॅरिबांनी शरण जाण्याऐवजी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. त्या गावाला आजही सोटेर्स म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'उड्या घेणारे'.

पुढे १७६३ च्या तहाने बेट इंग्रजांकडे गेले. राज्य बदलले, पण मळ्यांवर राबणारे हात तेच राहिले. ते आफ्रिकेतून साखळदंड घालून आणलेल्या गुलामांचे होते. १७९५ च्या मार्चमध्ये ज्युलियन फेदॉन या मिश्रवंशीय मळेवाल्याने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो स्वतः गुलामांचा मालक होता. पण फ्रेंच राज्यक्रांतीचे वारे त्याच्यापर्यंत पोचले होते आणि हजारो गुलाम त्याला येऊन मिळाले. जवळजवळ सारे बेट वर्षभर त्याच्या हाती होते. १७९६ मध्ये उठाव मोडला. फेदॉन मात्र कधीच सापडला नाही.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ च्या १ ऑगस्टला लोक खरोखर मोकळे झाले. ब्रिटिश सरकारने आपल्या वसाहतींतील मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. राबणाऱ्यांना काय मिळाले? एक छदामही नाही. पुष्कळांनी मळे सोडले आणि डोंगरउतारावर जागा धरून ते शेती करू लागले.

मग मजूर हवेत म्हणून मालकांनी आपल्या देशाकडे पाहिले. १ मे १८५७ रोजी 'मेडस्टोन' नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन ग्रेनेडाला लागले. त्यानंतर नऊच दिवसांनी मीरतेला बंडाचा वणवा पेटला! पुढील काही दशकांत तीन हजारांवर हिंदी माणसे तेथे गेली. करार संपल्यावर जी राहिली, त्यांची भाषा गेली, बहुतेकांचा धर्मही बदलला. पण रोटी आणि कढी-मसाला टिकला, इतका की आज तो साऱ्या बेटाचा झाला आहे.

आता जायफळाकडे येऊ. हे झाड मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे. ग्रेनेडात ते १८४३ च्या सुमारास आले आणि तेथील मातीत असे रुजले की विसाव्या शतकात जायफळात इंडोनेशियाखालोखाल ग्रेनेडाचा क्रमांक लागू लागला.

शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उसाला घाणा लागतो, भट्टी लागते, मजुरांचा तांडा लागतो. म्हणून ऊस राहिला मोठ्या मालकाचा. जायफळाचे तसे नाही. फळ पिकले की आपोआप उकलते आणि बी खाली पडते. घरची बाई टोपली घेऊन जाते आणि वेचून आणते. बीवरची लाल जाळी म्हणजे जायपत्री. ती सोडवून वेगळी वाळवायची. दोन-चार झाडे असली तरी घराला आधार होतो. म्हणून एकेकाळी गुलाम असलेल्यांच्या नातवंडांना या झाडाने आणि कोकोने बागाईतदार केले. १९४७ साली त्यांच्यासाठी जायफळ उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांची चळवळ उभी राहिली, तीही याच सुमारास, बरं का!

हा समाज मुळे विसरलेला नाही. कॅरियाकूत 'बिग ड्रम' नावाचा नाच आहे. जुन्या पिंपांवर बकऱ्याचे कातडे ताणून ढोल करतात आणि क्रोमांटी, इग्बो, काँगो अशा आफ्रिकी कुळांच्या नावाने वेगवेगळे ताल धरतात. पूर्वजांना आवाहन करून क्षमा मागतात. जेवणात निरफणस, खारवलेले मांस, नारळाचे दूध आणि हळद एका भांड्यात शिजवतात; तेच तेथील राष्ट्रीय पक्वान्न. निरफणस मुळात गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी वेस्ट इंडीजमध्ये आणला गेला. आज तोच लोक आवडीने खातात.

७ फेब्रुवारी १९७४ रोजी ग्रेनेडा स्वतंत्र झाला. १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांनी क्रांती करून सत्ता घेतली आणि प्रौढशिक्षणासारखी कामे हाती घेतली. पण पक्षातच फूट पडली. १९ ऑक्टोबर १९८३ ला बिशप मारले गेले आणि सहा दिवसांनी अमेरिकेचे सैन्य उतरले. २००९ मध्ये तेथील विमानतळाला बिशप यांचेच नाव देण्यात आले.

पण या देशाची खरी कसोटी वाऱ्याने घेतली. १९५५ च्या 'जॅनेट' वादळाने जायफळाच्या बागा झोपवल्या. लोकांनी त्या पुन्हा लावल्या. २००४ च्या सप्टेंबरात 'आयव्हन' आले. दहातली नऊ घरे मोडली, ३९ माणसे गेली आणि बहुतेक झाडे उन्मळून पडली. १ जुलै २०२४ ला 'बेरिल'ने कॅरियाकू उद्ध्वस्त केले.

केळ वर्षात उभी राहते. जायफळाचे तसे नाही. रोप लावल्यावर सात-आठ वर्षांनी फळ दिसते, भर यायला पंधरा-वीस वर्षे जातात. त्यात बियांपासून वाढलेले झाड नर निघाले, तर फळच नाही! आपल्या कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ लावणारांना हे ठाऊक आहे. आयव्हननंतर पुष्कळ म्हाताऱ्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न पडला : आता लावून ते पाहायला आपण असणार का? कोणी कोकोकडे वळले, कोणी शेतीच सोडली. जुने उत्पन्न पुन्हा आलेले नाही. तरीही पुष्कळांनी रोपे लावली. आजोबाने लावावे आणि नातवाने खावे, हे आपल्याकडे आंब्याबद्दल म्हणतात. तेथे ते जायफळाला लागू आहे.

शिक्षकांनी मुलांना नकाशावर हा ठिपका जरूर दाखवावा. आणि सांगावे की ज्यांच्या पूर्वजांना या जमिनीवर बांधून आणले होते, त्यांनीच पुढे तिच्यात झाडे लावली, आणि त्यांतल्या एका झाडाचे फळ आपल्या ध्वजावर काढले.