नीराकाठची लेखणी : आंबेडकरी आत्मकथनाचा उगम-मार्ग

नीरा नदी पुरंदर तालुक्यातून पूर्वेकडे वाहत येते. तिच्या उत्तरेस बारामती आणि इंदापूर हे तालुके, दक्षिणेस फलटण. इंदापूरच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे ती भीमेला मिळते. या खोऱ्यातील साहित्याचा इतिहास सांगताना पहिले नाव घेतले जाते ते मोरोपंतांचे. 1729 मध्ये पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले आणि 1794 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी अखंड काव्यरचना केली. त्यांच्या व्यासंगाविषयी वाद असण्याचे कारण नाही. परंतु त्या व्यासंगाच्या पाठीशी काय उभे होते, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयास हवी. चरितार्थाची निश्चिती, संस्कृत ग्रंथांचा सहवास आणि पुराण ऐकावयास बसणारी सभा ही तीन साधने त्यांना लाभली होती. भाकरी, ग्रंथ आणि श्रोता यांवाचून लेखक घडत नाही.

त्याच नीराकाठच्या महारवाड्यात या तिन्हींपैकी एकही साधन नव्हते. भाकरी होती ती येसकराने दारोदार मागून आणलेली, ग्रंथाला स्पर्श निषिद्ध आणि श्रोता तर नाहीच. असे असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरातून मराठीतील एक महत्त्वाचे आत्मकथन कसे निर्माण झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या मार्गाचा आरंभ पुणे जिल्ह्यातच शोधता येतो. महात्मा फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक' (1920), 'बहिष्कृत भारत' (1927), 'जनता' (1930) आणि 'प्रबुद्ध भारत' (1956) या पत्रांनी तर वस्तीवस्तीत वाचक घडविला. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी ही वाचनाची रीत होती. अक्षर न ओळखणारी स्त्रीही या रीतीने ग्रंथव्यवहारात प्रविष्ट झाली. ग्रंथ आणि श्रोता ही दोन साधने आश्रयदात्याने नव्हे, तर चळवळीने पुरविली.

बेबीताई कांबळे यांचे जीवन या भूमीवर उभे आहे. त्यांचा जन्म 1929 मध्ये पुरंदर तालुक्यातील वीरगाव या आजोळच्या गावी झाला, पुढील आयुष्य फलटण येथे गेले. शालेय शिक्षण अल्प झाले आणि तेराव्या वर्षी विवाह झाला. बाबासाहेबांच्या विचाराने प्रेरित होऊन पतिपत्नींनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला आणि त्यातून किराणा मालाचे छोटे दुकान उभे राहिले. माल बांधण्यासाठी आणलेली जुनी वर्तमानपत्रे हीच बेबीताईंची वाचनशाळा ठरली. गिऱ्हाईक नसेल त्या वेळी त्या वाचीत आणि पुढे लिहूही लागल्या. लिहिलेले मात्र घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्या लपवून ठेवीत. सुमारे वीस वर्षे ते लेखन असेच अप्रकाशित राहिले. दया पवार यांचे 'बलुतं' 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ, दलित आत्मकथनांची लाट येण्यापूर्वीच फलटणच्या एका दुकानात एक आत्मकथन लिहिले जात होते.

ते बाहेर आले ते एका विचारणेमुळे. अमेरिकेतून येऊन तेव्हा फलटण येथे राहणाऱ्या भाषाभ्यासक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांना या लेखनाचा पत्ता लागला. त्यांच्या आग्रहाने 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून 'जिणं आमुचं' क्रमशः छापले गेले आणि 1986 मध्ये त्याचे पुस्तक झाले. शीर्षकातील 'आमुचं' हा शब्द सहेतुक आहे. एका स्त्रीच्या चरित्रापेक्षा तेथे साऱ्या महारवाड्याचे जिणे आहे : वतनाची कामे, भूक, देवाला सोडलेली मुले, आणि आपल्याच घरांत सुनांवर झालेले अत्याचारही. परक्यांचा अन्याय सांगताना स्वकीयांचा अन्याय झाकला नाही, हे या ग्रंथाचे धैर्य होय. 2008 मध्ये माया पंडित यांनी तो इंग्रजीत नेला. 2012 मध्ये बेबीताईंचे निधन झाले.

शांताबाई कांबळे यांचा मार्ग काहीसा वेगळा. सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे 1923 मध्ये जन्मलेल्या शांताबाई 1942 मध्ये शिक्षिका झाल्या. त्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1983 मध्ये 'पूर्वा' मासिकातून आणि 1986 मध्ये ग्रंथरूपाने आले. एकीला दुकानाने आधार दिला, दुसरीला शाळेतील नोकरीने. दोघींच्याही बाबतीत भाकरी स्वकष्टाची होती आणि दोघींनाही वाचकापर्यंत नेले ते नियतकालिकाने.

पालि साहित्याच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. खुद्दकनिकायातील थेरीगाथेत 73 थेरींच्या गाथा आहेत. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबडा पती या तिहींपासून झालेली मुक्ती सांगते. थेरगाथेत निर्माल्य झाडणारा सुनीत आपल्या हीन मानलेल्या कुळाचा उल्लेख न लपविता करतो. हे उद्गार मुळात मौखिक होते. ते टिकले, कारण संघाने ते ऐकले, मुखोद्गत केले आणि संगीतीत स्थान दिले. उखळाची गोष्ट धम्माच्या ग्रंथात बसण्याजोगी नाही, असे कोणी म्हटले असते तर मुत्तेचे नावही आज उरले नसते.

आज बारामती आणि इंदापूर येथे महाविद्यालये आहेत. मुले-मुली पदवीधर झाल्या, भाकरी आणि ग्रंथ ही साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाली. उणीव आहे ती श्रोत्याची. 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. महार वतने रद्द करणारा कायदा 1958 चा, म्हणजे येसकराची काठी प्रत्यक्ष पाहिलेली पिढीही त्याच वयाची. देव्हाऱ्यातील देव काढले तो दिवस, नीरेच्या कालव्याखालील उसात केलेली मजुरी, पहिल्यांदा शाळेत गेलेली लेक, हे सारे तिच्या स्मरणात आहे आणि कागदावर नाही.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास या वृद्ध उपासिकांसाठी राखावा. एका शिकलेल्या मुलीने वही घेऊन बसावे, ऐकावे आणि बोलीत बदल न करता उतरवून घ्यावे. खर्च एका वहीचा आहे. मुत्तेला ऐकणारा संघ लाभला, बेबीताईंना वीस वर्षांनंतर का होईना विचारणारे कोणी भेटले. आपल्या वस्तीतील आजीजवळ वीस वर्षे नाहीत.